कटला वरचा, रोहू मधला, मृगळ तळाचा: हे कितपत खरे?

सांगोला तालुक्यातील एका डाळिंब बागायतदारांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ३४ बाय ३४ मीटरच्या, प्लास्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्यात त्यांनी कटला ४००, रोहू ३००, मृगळ ३०० आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) २०० अशी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडली आणि १० महिने रोज तरंगते खाद्य दिले. आता जाळे ओढल्यावर रोहू ६०० ग्रॅमच्या पुढे गेलेला दिसतो, चंदेरा त्याहून मोठा आहे, पण कटला ३५० ग्रॅमवर अडकला आहे आणि मृगळ डोक्याने मोठा व शेपटीकडे काडीसारखा झाला आहे. ‘तिघेही तीन वेगळ्या थरांत खातात, कोणी कोणाच्या वाट्याला जात नाही, असे प्रशिक्षणात सांगितले होते, मग एकाच तळ्यात एक तुपाशी आणि एक उपाशी कसा?’ असे ते विचारतात.

प्रशिक्षणात सांगितलेले खोटे नाही, अपुरे आहे. थर हा माशाचा पत्ता झाला. पत्ता कळला म्हणून घरात काय शिजते ते कळत नाही. शिवाय वर-मध्ये-तळाशी हा हिशोब बंगाल, ओडिशा, बिहारकडच्या मातीच्या, शेणखत घातलेल्या, वर्षानुवर्षे गाळ साठलेल्या तळ्यांमध्ये बसवलेला आहे. चंदेरा आणि गवत्या (ग्रास कार्प) हे दोन्ही परदेशी मासे १९५९ मध्ये भारतात आले आणि १९७१ पासून मिश्र मत्स्यपालनाचे प्रयोग देशभर पद्धतशीरपणे झाले, तेव्हाही हाताशी होती ती मातीचीच तळी. त्या तळ्यात तीन मजल्यांचे घर खरोखरच असते. आपल्या शेततळ्यात तळमजला बांधलेलाच नाही आणि वरच्या मजल्यावर दोन कुटुंबे एकाच चुलीवर अवलंबून आहेत. कटला आणि मृगळ यांची तक्रार एकाच वेळी आली असली तरी कारणे वेगळी आहेत, म्हणून ती वेगवेगळी पाहू.

आधी एक काम करावे. प्रत्येक जातीचा एक मासा ताटात शेजारी शेजारी ठेवावा आणि पुस्तक बाजूला ठेवून तोंडे पाहावीत. कटल्याचे डोके थोराड असते, खालचा जबडा पुढे येऊन वर वळलेला असतो आणि मिशा नसतात. ते तोंड वरून खाली येणारे किंवा समोर तरंगणारे काही गिळण्यासाठी घडलेले आहे. रोहूचे तोंड किंचित खाली वळलेले असते आणि ओठांना झालर असते. बोट फिरवले तर ती खरखरीत लागते, कारण पाण्यातले खाता खाता काडी, दगड, पानाची पाठ खरवडण्याचे कामही हे ओठ करतात. मृगळाचे तोंड मुस्कटाच्या खालच्या अंगाला रुंद उघडते, ओठ पातळ व बिनझालरीचे असतात, आणि तळावर तोंड टेकवून मऊ गाळ ओढून घेण्याला ते सोयीचे असते. आता कल्ल्याचे झाकण उचलून पहिली कमान कात्रीने कापून काढावी आणि उजेडात धरावी. कटल्याच्या कमानीच्या आतल्या कडेला लांब, बारीक, कंगव्याच्या दातांसारखी दाट रांग दिसेल. चंदेऱ्याच्या कमानीवर दात वेगळे दिसतच नाहीत. ते एकमेकांना चिकटून स्पंजासारखी सलग चाळण झालेली असते. ही दोन चाळणींची तुलना डोळ्यांनी एकदा पाहिली की कटल्याचे अर्धे कोडे सुटते.

कटल्याची चाळण जाड, चंदेऱ्याची बारीक. कटला मुख्यतः प्राणी प्लवंग, म्हणजे मोइना, डॅफ्निया, सायक्लॉप्स यांसारखे नुसत्या डोळ्यांनाही हलणाऱ्या ठिपक्यांसारखे दिसणारे जीव आणि त्यांच्याहून लहान रोटिफर, गाळून घेतो. चंदेरा मुख्यतः पाण्याला हिरवा रंग देणारे सूक्ष्म शेवाळ, म्हणजे वनस्पती प्लवंग, गाळतो. पण बारीक चाळणीत लहान प्राणी प्लवंगही अडकतातच, आणि ते काही तो निवडून परत टाकत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की प्राणी प्लवंग स्वतः त्या शेवाळावर जगतात. म्हणजे चंदेरा कटल्याच्या ताटातले थोडे उचलतो आणि त्याशिवाय ताट वाढणाऱ्याचीच शिदोरी संपवतो. दोघांना वरच्या थरातले म्हणून एका ओळीत लिहिण्याने ही स्पर्धा झाकली जाते. चंदेरा वाढवला की कटला मागे पडतो, हा अनुभव देशभरातल्या मत्स्यपालकांना आलेला आहे. १,२०० माशांत २०० चंदेरा हे प्रमाण मातीच्या, हिरव्यागार तळ्यात कदाचित निभावले असते.

आपले पाणी मात्र हिरवेगार नाही, हे प्रश्नासोबतच्या वर्णनावरून दिसते: बोअरचे पाणी, वर्षभरात एकदाही शेण नाही, आणि ‘तळ दिसण्याइतके स्वच्छ’. डाळिंबाच्या ठिबकला असे पाणी उत्तम; कटल्याला ते रिकामे ताट आहे. सकाळी ऊन वर आल्यावर कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवून पाहावे. तळहात स्पष्ट दिसला तर पाण्यात अन्न नाही. मनगटही दिसेनासे झाले तर शेवाळ अति झाले. कोपर बुडता बुडता तळहात अंधुक होऊ लागला तर बेत जमला. याहून नेमके पाहायचे असेल तर बोल्टिंग कापडाच्या, म्हणजे अतिबारीक विणीच्या, प्लवंग जाळ्यातून तळ्याच्या पाच-सहा जागांचे मिळून ५० लिटर पाणी गाळावे आणि जाळ्याच्या टोकाच्या नळीतला साका बसू द्यावा. १ ते २ मिलिलिटर साका बसला तर पाणी समाधानकारक समजतात. त्या साक्याचा रंगही पाहावा: हिरवा असेल तर शेवाळ जास्त, तपकिरी-करडा आणि वळवळणारा असेल तर प्राणी प्लवंग जास्त, म्हणजे कटल्याची सोय.

मृगळाकडे वळू. मृगळ ‘चिखल खातो’ असे सर्रास म्हटले जाते, आणि नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही तसेच समजत होतो. एका गावतळ्यातल्या मृगळाचे आतडे उघडले तर आत काळसर गाळ आणि वाळूचे कण; मी नोंदवहीत ‘आतड्यात अन्न नाही, फक्त माती’ असे लिहिले. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तोच गाळ थेंबभर पाण्यात पसरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला लावला, तेव्हा त्यात कुजलेल्या पाल्याचे तंतू, डायटम या सूक्ष्म शेवाळाची कवचे, अळ्यांचे तुकडे आणि त्या सगळ्याला लपेटून असलेला बुरसट, जिवाणूंनी भरलेला लगदा दिसला. मृगळाचे अन्न म्हणजे हा लगदा; माती ही त्यासोबत येणारी वेष्टणाची कागदपट्टी. आता प्लास्टिकच्या तळावर हा लगदा कुठून यावा? पहिल्या वर्षी तर तो जवळपास नसतोच. पुढे माशांची विष्ठा, उडून आलेली धूळ, मेलेले शेवाळ यांचा पातळ थर साचतो, पण तिथे दुसरी अडचण येते. शेततळी खोल आणि उभ्या उताराची असतात. उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते, खालचे थंड व जड राहते, दोन्ही मिसळत नाहीत आणि तळाशी प्राणवायू घटतो. जिथे अन्न पडले आहे तिथे मृगळाला फार वेळ थांबता येत नाही, आणि आपले खाद्य तर तरंगते, म्हणजे त्याच्या तोंडाच्या नेमक्या उलट दिशेला. मृगळ पृष्ठभागावर येऊन खाद्य उचलणारच नाही असे नाही. उपाशी मासा पुष्कळ काही शिकतो. पण ज्या क्षणी रोहू, चंदेरा आणि कटला झुंडीने वर असतात त्या क्षणी त्याचा नंबर शेवटी लागतो. डोके मोठे आणि शेपूट काडी, ही खुण रोगाची नव्हे, बहुतेक वेळा उपासमारीची असते: हाडाची वाढ वयाबरोबर चालू राहते आणि मांस भरत नाही.

रोहूचे मात्र कौतुक करावे लागेल. पुस्तकात तो मधल्या थरातला, वनस्पतिजन्य पदार्थ, शेवाळ आणि कुजलेला पाला खाणारा म्हणून नोंदलेला असतो, आणि नैसर्गिक पाण्यात तसे असतेही. त्याचे आतडे उलगडून मोजले तर मोठ्या माशात ते शरीराच्या लांबीच्या १० पटींच्या आसपास भरते. घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळी असते. कटल्याचे ४-५ पट, आणि मासे गिळणाऱ्या शिवड्याचे तर शरीराहूनही आखूड. पाल्याचे पचन सावकाश होते म्हणून आतडे लांब लागते, मांसाचे लवकर होते म्हणून आखूड पुरते, हा सर्वसाधारण नियम आहे. परंतु रोहू बाहेरून दिलेले पेंड-कोंडा असो वा गोळी खाद्य, सगळ्यांत लवकर शिकतो. आंध्र प्रदेशात कोल्लेरू परिसरातील मत्स्यपालकांनी हे ओळखून पोत्यांना भोके पाडून त्यांत तेल काढलेला भाताचा कोंडा भरून ती तळ्यात टांगायला सुरुवात केली. मासे भोकांना तोंड लावून ओढून खातात. तिथल्या तळ्यांत रोहू बहुसंख्य, कटला थोडा आणि मृगळ जवळपास वगळलेला, असेच प्रमाण रूढ झाले, कारण बाहेरच्या खाद्यावर आधारलेल्या तळ्यात तीन थरांच्या हिशोबाला फारसा अर्थ उरत नाही. आपलेही तळे, नकळत का होईना, त्याच प्रकारचे आहे.

इथे सगळ्या कार्प, म्हणजे रोहू-कटल्याच्या कुळातल्या, माशांना लागू असलेली एक गोष्ट सांगतो, कारण खाद्य देण्याच्या वेळांचा तिच्याशी थेट संबंध आहे. या माशांना खरे जठर नसते आणि जबड्यात दातही नसतात. दात घशात असतात आणि वरच्या बाजूच्या कठीण गादीवर अन्न रगडतात. जठराची पिशवी नसल्यामुळे एका वेळी भरपूर खाऊन साठवणे त्यांना जमत नाही. दिवसाचे सगळे खाद्य सकाळी एकदाच टाकणे म्हणजे बळकट माशांना हवे तेवढे आणि बाकीचे पाण्यात सडायला. तेच खाद्य दोन-तीन वेळा विभागून दिले तर मागे राहिलेल्यांनाही काही मिळते.

आपल्या तळ्यात कोण काय खातो हे माझ्या शब्दावर मानू नये, उघडून पाहावे. पहाटे जाळे ओढून मासा काढावा. गळाला किंवा आमिषाला लागलेला घेऊ नये, कारण त्याच्या पोटात आमिषच सापडते. मासा मेल्यावरही पचन काही काळ चालू राहते, म्हणून आतडे लगेच काढून ५ टक्के फॉर्मेलिनमध्ये टाकावे आणि तपासताना फक्त पुढचा एक-तृतीयांश हिस्सा घ्यावा. मागच्या भागात ओळखू येण्यासारखे फारसे उरत नाही, आणि जे उरते ते कवचाचे, म्हणजे डायटम किंवा डॅफ्निया, त्यामुळे त्यांचे प्रमाण उगाच जास्त वाटते. संशोधक दोन आकडे काढतात: किती माशांत एखादा पदार्थ सापडला आणि एकूण अन्नात त्याचा वाटा किती. एकच आकडा फसवतो. दहापैकी नऊ कटल्यांत खाद्याचा कण सापडला तरी वाटा चिमूटभर असू शकतो. नटराजन आणि झिंगरन यांनी १९६१ मध्ये या दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून पदार्थांची क्रमवारी लावण्याची पद्धत मांडली, ती आपल्याकडे अजून वापरली जाते. दुसरी पद्धत रशियन शास्त्रज्ञ इव्हलेव यांची: आतड्यातल्या टक्केवारीतून पाण्यातली टक्केवारी वजा करायची आणि दोहोंच्या बेरजेने भागायचे. समजा कटल्याच्या आतड्यात मोइना ६० टक्के आणि पाण्यात २० टक्के. ४० भागिले ८०, म्हणजे अधिक ०.५. उत्तर अधिक असेल तर मासा ते निवडून खातो, उणे असेल तर टाळतो किंवा त्याला ते गाठता येत नाही, शून्याजवळ असेल तर समोर येईल ते. माशाची आवड आणि माशाची मजबुरी यांतला फरक या छोट्या भागाकारातून दिसतो, म्हणून मला ही पद्धत फार आवडते.

मजबुरीचे उदाहरण द्यायचे तर महाडजवळच्या वाळण कोंडीचे, म्हणजे नदीतल्या डोहाचे, देता येईल. तिथले देवमासे म्हणजे महाशीर, ज्याला देशावर खडशी म्हणतात त्याच्या कुळगोत्रातले. नदीत ते किडे, शंख-शिंपले, काठावरून पडणारी फळे असे सर्व खातात. कोंडीत भाविकांनी टाकलेल्या लाह्या-चुरमुऱ्यांवर झुंबड उडवतात. म्हणून महाशीर हा लाह्या खाणारा मासा ठरत नाही. याउलट घाटातल्या ओढ्यांतला मळ्या दगडाला चिकटून त्यावरचे शेवाळ खरवडतो आणि त्याला असा पर्याय फारसा नसतो. दगडांवर गाळ बसला की त्याचे ताटच झाकले जाते. काही मासे आहाराच्या बाबतीत लवचीक असतात, काही नसतात, आणि आपल्या चौघांत मृगळ व चंदेरा हे कमी लवचीक बाजूचे आहेत.

वयाचा मुद्दाही सोडता येत नाही. अंड्यातून निघालेल्या कार्पच्या पिल्लाकडे पिवळ्या पिशवीची शिदोरी ३ दिवसांच्या आसपास पुरते. त्यानंतर कटला, रोहू, मृगळ तिघेही प्राणी प्लवंगच खातात, आधी रोटिफर आणि मग मोइना. बोटुकली होता होता वाटा फुटतात. म्हणून बीज सोडताना पाणी रिकामे असेल तर तिन्ही जातींची पहिली गाठ एकमेकांशीच पडते. दिवसाच्या वेळेचेही तसेच: प्राणी प्लवंग उन्हात खाली सरकतात आणि रात्री वर येतात, त्यामुळे ‘वरचा’ कटलाही दिवसा त्यांच्यामागे खाली गेलेला असतो. थंडीत पाणी २० अंशांखाली गेले की सगळ्यांचीच भूक मंदावते. तेव्हा खाद्य तेवढेच चालू ठेवणे हे पैसे पाण्यात टाकणे आहे, शब्दशः.

आपण गवत्या, सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि चिलापी (तिलापिया) यांबद्दलही विचारले आहे. गवत्याच्या घशातले दात करवतीसारखे असतात. तो दिवसाला स्वतःच्या वजनाइतके हिरवे खाऊ शकतो, पण शाकाहारी असून त्याचे आतडे आखूड, त्यामुळे निम्मे अन्न अर्धवट पचलेलेच बाहेर पडते आणि तळ्याला खत होते. हायड्रिला, लेम्ना या पाणवनस्पती आवडीने खातो. जलपर्णी साफ करील या आशेने मात्र त्याला आणू नये. प्लास्टिकच्या तळ्यात पाणवनस्पती नसल्याने त्याला रोज गवत टाकावे लागेल. बांधावरचा गजराज घास कापून देता येत असेल तरच विचार करावा. सायप्रिनसच्या घशातले दात दाढांसारखे, शंख फोडणारे. तो तोंड नळीसारखे पुढे काढून गाळ उकरतो, कच्च्या तळ्यात पाणी गढूळ करतो आणि बांध पोखरतो. आपल्याकडे उकरायला माती नाही, आणि बाहेरचे खाद्य तो चटकन घेतो, म्हणून मृगळाच्या जागी काही सायप्रिनस ही वाईट निवड नाही. फक्त तो तळ्यातच विणतो, तेव्हा पिल्लांची गर्दी होण्याआधी काढणी करावी. चिलापीला हात लावू नये. तिला खरे जठर असते आणि त्यातले आम्ल इतके तीव्र असते की इतर माशांच्या पोटातून जवळपास जसेच्या तसे बाहेर पडणारे निळे-हिरवे शेवाळही ती पचवते. १९५२ मध्ये ती भारतात आली. उजनीसारख्या सांडपाण्याने पोसलेल्या, असल्या शेवाळाने भरलेल्या जलाशयात तिने जो जम बसवला त्यामागे तिच्या भरमसाट वीणीइतकाच हा पचनाचा भागही आहे. शेततळ्यात ती एकदा शिरली की तळे कोरडे केल्याशिवाय निघत नाही.

या हंगामात करण्यासारखे आता सांगतो. चंदेरा विक्रीयोग्य आहे, तो पुढच्या आठवड्यात काढून घ्यावा; कटल्याला सर्वांत जलद दिलासा त्यातूनच मिळेल. ताजे शेण आणि थोडी शेंगदाणा पेंड पिंपात पाण्यासोबत ३-४ दिवस भिजवून, गाळून, ती स्लरी थोडी थोडी तळ्यात सोडावी आणि रोज कोपराची चाचणी घ्यावी. तळहात अंधुक झाला की थांबावे. ढगाळ हवेत स्लरी टाकू नये, पहाटे प्राणवायू घटतो. ठिबकचे फिल्टर आठवड्यातून अधिक वेळा धुवावे लागतील, याची तयारी ठेवावी. मृगळासाठी पेंड आणि कोंडा समप्रमाणात मळून त्याचे गोळे जुन्या ट्रेमध्ये ठेवून ते ट्रे दोरीने एक-दीड मीटर खोलीवर, उतारालगत सोडावेत, आणि तरंगते खाद्य टाकल्यानंतर दहा मिनिटांनी, म्हणजे रोहू वर गुंतलेला असताना. तास-दीड तासाने ट्रे वर काढून किती उरले ते पाहून दुसऱ्या दिवशीचे प्रमाण ठरवावे. रोहूला खरवडायला जागा हवी असेल तर बांबू दोरीने आडवे टांगावेत. ते तळात रोवू नयेत, नाहीतर माशांच्या आहाराऐवजी अस्तराच्या ठिगळांवर चर्चा करावी लागेल.

पुढच्या वर्षी याच तळ्यासाठी मी रोहू ६००, कटला ३००, मृगळ आणि सायप्रिनस मिळून १००, आणि चंदेरा शून्य असे प्रमाण धरीन, म्हणजे एकूण संख्या १,२०० वरून १,००० वर येईल. बोटुकली सोडण्याआधी पंधरा दिवस स्लरी सुरू करावी आणि जाळ्याच्या नळीतला साका तपकिरी झाल्याशिवाय बियाण्याची गाडी बोलावू नये. ट्रे सुरू केल्यावर महिन्याने एक मृगळ कापून त्याच्या आतड्याचा पुढचा हिस्सा पाहावा. त्यात कोंड्याची टरफले दिसली तर तो ट्रेपर्यंत पोहोचतो आहे. नुसते हिरवट पाणी असेल तर ट्रे अर्धा मीटर वर घ्यावेत.